दिवसाचे दादा, रात्रीचे दादा

पुंडलिकराव पिंपळापुऱ्यांनी जबलपुरातल्या घमापुरच्या बाजारात पहिल्यांदा तिपाई उभी केली, तिच्यावर कॅमेरा चढवला आणि डोक्यावर काळं फडकं घेतलं, तेव्हा समोरच्या दुकानदारांनी भराभर आपापल्या दुकानांचे पुढे आलेले पत्रे आत ओढून घेतले. एका पानवाल्याने तर आपली फळीच उचलून पोटाशी धरली. रस्त्याची मोजणी सुरू झाली, आता नवा कर बसणार, ही बातमी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत कराचा आकडासुद्धा ठरला होता. पुंडलिकराव फडक्यातून डोकं बाहेर काढून पाहतात तो काय, ज्या गजबजलेल्या बाजाराचं चित्र घ्यायला ते आले होते तो बाजार बंद!

कॅमेरा जुना होता, काचेच्या प्लेटांचा. लढाई संपली होती आणि छावणीतले गोरे आपापलं सामान विकून विलायतेला निघाले होते. त्यांतल्या एका सार्जंटाचं हे धूड पुंडलिकरावांच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं हे आपलं त्यांच्या पत्नी सत्यभामाबाईंचं मत. पुंडलिकरावांच्या मते तो योग होता. कारण त्याच आठवड्यात वाचनालयात एका इंग्रजी सचित्र साप्ताहिकात त्यांनी दोन फोटो शेजारीशेजारी पाहिले होते. लंडनातला एकच पूल, एकदा दिवसा, एकदा रात्री. दिवसा पुलावरून टोप्या चाललेल्या. रात्री तिथे एकच माणूस कठड्याला टेकून उभा. मध्ये अक्षर नाही, आणि तरी अख्खी गोष्ट कळते! पुंडलिकराव घरी आले ते गोष्टी सांगायचं ठरवूनच. जबलपूरच्या गोष्टी. दिवसाची काच आणि रात्रीची काच, बास.

आता यात त्यांचा आणखी एक आतला हेतू होता, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुंडलिकराव कालव्यांच्या कचेरीत कारकून होते, वय चाळिशीला टेकलेलं, आणि त्यांचे वडील विठोबा मास्तर, म्हणजे सगळ्या घमापुराचे दादा, हे निवृत्त हेडमास्तर होते. दादांनी हजारो पोरांना शिकवलं आणि कुणालाही पैकीच्या पैकी मार्क दिले नाहीत. मुलाला तर नाहीच. पुंडलिक मॅट्रिक झाला तेव्हा दादा म्हणाले, "हं." नोकरी लागली तेव्हा म्हणाले, "किती दिवस टिकते पाहू." लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा त्यांनी सुनेकडे पाहून समाधानाने मान हलवली, मग मुलाकडे पाहिलं आणि ती मान तिथेच थांबवली. एकदा, फक्त एकदा, दादांच्या तोंडून आपल्या कामाला 'छान' म्हणवून घ्यायचं, एवढंच पुंडलिकरावांच्या आयुष्यात राहून गेलं होतं. कचेरीतली बढती मिळाली असती तरी त्यांना चालणार होतं, पण तिची आशा त्याहून कमी होती.

दादांनी कॅमेरा पाहिला आणि ओसरीवरून गर्जना केली, "हे काय घेऊन आला? डबा?"

"फोटो काढणार आहे दादा. दिवसाचा एक, रात्रीचा एक. जोडीनं."

"दिवसा काम करावं, रात्री झोपावं. यात फोटो काढण्यासारखं काय हाय?"

दादांची ही साधी बोलण्याची पट्टी होती. रागावले की याच्या दुप्पट. घमापुरच्या त्या गल्लीत कोणाच्याही घरी गजराचं घड्याळ नव्हतं. रोज पहाटे दूधवाला बळीराम आला की दुधातल्या पाण्यावरून दादा त्याच्यावर आवाज टाकत आणि सगळी गल्ली उठून दात घासायला लागे.

पहिली जोडी कमानिया गेटची घ्यायची असं पुंडलिकरावांनी ठरवलं. दिवसाचा फोटो झकास आला: टांगे, सायकली, भाजीवाल्या, कापडाच्या दुकानांपुढे बायकांची झुंबड, माणसाला माणूस चिकटलेलं. रात्रीच्या फोटोसाठी ते दिवेलागणीनंतर तिथे तिपाई मांडून उभे राहिले, तो एक हवालदार येऊन समोर ठाकला.

"ये क्या है?"

"कॅमेरा है हवालदारजी. रात का फोटो ले रहा हूँ."

"रात में दिखता क्या है जो फोटो लोगे? परवानगी है?"

परवानगीसाठी पुंडलिकराव एका खात्यात गेले. तिथले बाबू म्हणाले, दरवाजा आमचा आहे, पण रात्र बंदोबस्तवाल्यांची. ते बंदोबस्तवाल्यांकडे गेले. ते म्हणाले, रात्र आमची आहे, पण रस्त्यावरचे दिवे आमचे नाहीत, आणि दिव्याशिवाय तुमचा फोटो येणार नाही, तेव्हा दिवाबत्तीवाल्यांना विचारा. दिवाबत्तीवाल्या बाबूंनी चष्मा वर सरकवून फार बारकाईने चौकशी केली.

"दिन का फोटो तो बिना परवानगी ले लिया आपने?"

"जी."

"और रात का लेंगे. अच्छा. तो शाम किसके खाते में जाएगी?"

संध्याकाळचा फोटो आपल्याला नकोच आहे, हे पुंडलिकरावांनी परोपरीने सांगितलं. पण सरकारी मनात एकदा संध्याकाळ झाली की ती लवकर उतरत नाही. स्वतः सरकारी कारकून असल्यामुळे पुंडलिकरावांना त्या बाबूंचं मनातून थोडं कौतुकच वाटलं. शेवटी ते विनापरवाना, हवालदार चहाला गेला तेवढ्यात फोटो घेऊन मोकळे झाले.

कमानिया गेटजवळच नथ्थूजींचा 'नर्मदा फोटो स्टुडिओ' होता. प्लेटा धुऊन द्यायचं काम नथ्थूजी करत. त्यांनी रात्रीची प्रत बाहेर काढली आणि दोघं बघतच राहिले. रात्रीचा फोटो म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण दोनेक मिनिटं उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढ्या वेळात जो हलला तो काचेवर उमटतच नाही. कमानिया गेटखालून त्या वेळात शेकडो माणसं गेली होती. फोटोत त्यांतलं एकही नव्हतं. दरवाजा, दिवे, आणि मधोमध बसलेला एक बैल.

"भाऊ," नथ्थूजी हळूच म्हणाले, "ही रात्र नाही वाटून राहिली. प्लेग वाटून राहिला."

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या बेबीताई म्हणाल्या, माणसं हलतात तर जनावराचा काढा, माझी गाय कपिला अगदी गरीब आहे. गाय गरीब होती, पण रवंथ करत होती, म्हणून नथ्थूजींनी झटक्यात पेटणारी पांढरी पूड दिली. ती पेटल्यावर काय झालं ते पुंडलिकरावांना दिसलं नाही, कारण त्यांच्या भुवया गेल्या. गाय दावं तोडून जी सुटली ती पाटणच्या रस्त्याला सापडली. पुढे कितीतरी दिवस ती पुंडलिकरावांना पाहिलं की पान्हा चोरायची, आणि ज्या दिवशी दूध कमी येईल त्या दिवशी बेबीताई रिकामं भांडं हातात धरून पिंपळापुऱ्यांच्या दारावरून सावकाश जायच्या. कोपऱ्यावरचे दुबेजी रेल्वेत गार्ड होते आणि परोपकार हा त्यांचा रोग होता. कोणाच्या घरी काही झालं की न बोलावता पहिले हजर. ते म्हणाले, "भैया, हमारा फोटो लो. हम नहीं हिलेंगे. सिग्नल की तरह खड़े रहेंगे." ते खरंच सिग्नलसारखे उभे राहिले, म्हणजे एक हात मधूनच खाली पडायचा. फोटोत दुबेजींना तीन हात आले. तो फोटो त्यांनी मोठ्या भक्तिभावाने घरी नेला.

"अख्ख्या घमापुरात रात्री दोन मिनिटं न हलणारं काहीच नाही काय?" बिनभुवयांचे पुंडलिकराव जेवताना वैतागून म्हणाले.

सत्यभामाबाईंनी आमटी वाढता वाढता ओसरीकडे नजर टाकली. "मामंजी हायत नं," त्या म्हणाल्या.

पुंडलिकरावांचा हात ताटात थांबला. खरंच की! दिवसा दादा म्हणजे नुसतं वादळ. आणि रात्रीचं जेवण झालं, की तेच दादा ओसरीवरच्या आरामखुर्चीत असे झोपत की त्यांच्या मांडीवरून मांजर गेलं तरी कळू नये. एकच माणूस, एकच खुर्ची. दिवस आणि रात्र! याहून चांगली गोष्ट जबलपुरात सापडणार नव्हती. आणि ती पाहून दादा 'छान' म्हणणार नाहीत तर करतील काय?

एका दिवशी बळीराम ऊन वर आल्यावर आला, तेव्हा दिवसाचा फोटो फडताळामागून चोरून घेतला. दादा खुर्चीतून अर्धे उठलेले, एक हात आभाळाकडे, तोंड उघडं, आणि समोर बळीराम दुधाची चरवी ढालीसारखी धरून उभा. आवाज तेवढा फोटोत येत नाही, पण पाहणाऱ्याला तो ऐकू येत होता.

रात्रीचा फोटोही साधला. आता दादांची झोपायची एक पद्धत होती. ऑक्टोबर लागला की त्यांना वारं बाधे, म्हणून ते कानांत कापसाचे बोळे घालत आणि उपरणं हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारत. दोन्ही हात छातीवर. उजेड कमी पडायला लागला म्हणून पुंडलिकरावांनी देवघरातली समई आणून दादांच्या उशाशी ठेवली. सत्यभामाबाईंना ती समई तिथे पाहून कसंसंच झालं, पण नवरा श्वास रोखून उभा होता, त्याला बोलायचं कसं? दादा दोन मिनिटं हलले नाहीत.

फोटो पाहून नथ्थूजीसुद्धा गहिवरले. "पुंडलिकराव, ही जोडी आपण शोकेसमध्ये लावू. दसऱ्याला सारं शहर इथून जाते. खाली दोन ओळी लिहून द्या, मोठ्या अक्षरात."

आता इथे खरं तर थांबायला हवं होतं. त्या इंग्रजी साप्ताहिकात अक्षर नव्हतं, हे पुंडलिकरावच सगळ्यांना सांगत फिरत होते. पण मराठी माणसाला बोरू दिला आणि त्याने नुसता परत केला, असं कधी झालंय? त्यांनी पुठ्ठ्यावर वळणदार अक्षरात दिवसाच्या फोटोखाली लिहिलं, 'दिवसा दादा गर्जले.' आणि रात्रीच्या फोटोखाली लिहिलं, 'रात्री दादा शांत झाले.'

लिहून झाल्यावर त्यांनी ते दोनदा वाचलं. त्यांना त्यात गर्जले-झाले असा एक नादसुद्धा सापडला. दुसरं काही सापडलं नाही.

फोटो अष्टमीला शोकेसमध्ये लागले. त्याच संध्याकाळी दादा रामलीला पाहायला गेले. रावणाचं काम करणारा 'प्रतिज्ञा'ला 'परतिग्या' म्हणत होता. दादा प्रेक्षकांतून ओरडले, "प्रतिज्ञा!" रावण पुन्हा म्हणाला, 'परतिग्या.' लंका जळेपर्यंत दोघंही हट्टाला पेटलेले होते. शेवटी पडदा पडला आणि दादांचा घसा बसला. असा बसला की नवमीला सकाळी बळीराम आला तेव्हा दादांच्या तोंडून नुसती हवा आली. बळीरामने घाबरून त्या दिवशी पहिल्यांदा निर्भेळ दूध घातलं आणि कोणाशी काही न बोलता निघून गेला. गल्ली त्या दिवशी उशिरा उठली. उठल्यावर प्रत्येकाला चुकल्या-चुकल्यासारखं झालं, आणि मग लक्षात आलं, विठोबा मास्तरांचा आवाज नाही.

वैद्यांनी चार दिवस अवाक्षर काढू नका म्हणून बजावलं. दादांनी माळ्यावरून जुनी शाळेतली पाटी काढली आणि तिच्यावर लिहून घर चालवायला सुरुवात केली. पेन्सिलीचा करकर आवाज ते शक्य तितका मोठा काढत.

नवमी म्हणजे खंडेनवमी. हत्यारांची, अवजारांची पूजा. नथ्थूजींच्या बायकोने, अंजनीबाईंनी, पहाटे उठून दुकान झाडलं, कॅमेऱ्याला हळदकुंकू लावलं आणि झेंडूच्या माळा करायला बसल्या. कॅमेऱ्याला माळ, तिपाईला माळ, कात्रीला माळ. माळा उरल्या. बाई मोठ्या मनाच्या, त्यांनी उरलेल्या माळा फोटोंनाही घातल्या. शोकेसमध्ये त्यातल्या त्यात ठळक फोटो दादांचा होता, रात्रीचा. त्याला सगळ्यांत जाड माळ मिळाली.

आता कमानिया गेटखालून जाणाऱ्या माणसाला काय दिसत होतं ते पाहा. डावीकडे विठोबा मास्तर, जिवंत, गर्जताहेत. उजवीकडे तेच विठोबा मास्तर. डोळे मिटलेले, कानांत कापूस, हनुवटी बांधलेली, हात छातीवर, उशाशी दिवा, वर हार. आणि खाली लिहिलंय, 'रात्री दादा शांत झाले.' ज्याला मराठी येत होतं त्याने वाचलं आणि टोपी काढली. ज्याला येत नव्हतं त्याने शेजारच्याला विचारलं आणि तो म्हणाला, "शांत हो गए बेचारे."

यातूनही काही शंका राहिलीच असती, ती बेबीताईंनी मिटवली. दसऱ्याच्या सकाळी नळावर बायकांनी हलक्या आवाजात विचारलं, "मास्तरांचं कसं हो?"

"काय सांगू बाई," बेबीताई कळशी भरता भरता म्हणाल्या, "काल सकाळपासून आवाज नाही. मी सोता तुळशीचा काढा तोंडात घातला."

बायकांनी 'तुळस' आणि 'तोंडात' एवढंच ऐकलं. पुढचं ऐकायची गरजच नव्हती.

दसऱ्याची संध्याकाळ हा दादांचा वर्षाचा सण. त्या दिवशी घमापुरातले त्यांचे लहानमोठे सगळे विद्यार्थी आपट्याची पानं घेऊन येत, 'सोनं घ्या' म्हणत आणि पाया पडत. दादा प्रत्येकाच्या पाठीत धपाटा घालत आणि त्याची जुनी एकेक चूक काढत. टक्कल पडलेले वकीलसुद्धा तो धपाटा खायला येत. या वर्षीही दादा चार वाजल्यापासून कोट-पगडी चढवून ओसरीवर बसले. बोलता येत नव्हतं, पण धपाट्याचा हात शाबूत होता. सत्यभामाबाईंनी चिवड्याची परात भरून ठेवली.

पाच वाजले. कोणी नाही. दादांनी पाटीवर लिहिलं, 'लोक?' थोड्या वेळाने लिहिलं, 'लोक??' मग पाटी पुसली आणि काहीच लिहिलं नाही. पगडी सारखी केली, कोटाची वरची गुंडी लावली आणि रस्त्याकडे पाहत बसले. पुंडलिकराव दारातून पाहत होते. ज्याच्या आवाजाने गल्ली हलते, तो माणूस परातभर चिवड्याशेजारी मुका बसलाय आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नाही! ते चपला घालून कोपऱ्यावर गेले.

कोपऱ्यावर सगळे होते. पांढऱ्या टोप्या, पडलेले चेहरे. खिशांतून आपट्याची पानं डोकावत होती, कारण दसरा तर होता, पण द्यायचं कसं? अग्रभागी दुबेजी. ते त्याच दुपारी इटारसीहून गाडी घेऊन आले होते आणि स्टेशनवरून येताना कमानिया गेटवरून आले होते. त्यांच्या खांद्यावर दोन लांब हिरवे बांबू होते आणि हातात कोरं मडकं.

"भैया," दुबेजींनी पुंडलिकरावांचा हात हातात घेतला, "कब ले जाना है?"

पुंडलिकरावांना वाटलं, सीमोल्लंघनाचं विचारताहेत. "अंधार व्हायच्या आत न्यावं लागेल," ते म्हणाले. "वाटच पाहून राहिले ना ते केव्हाचे! अशक्तपणा आहे, पायी जमणार नाही. तुम्ही चौघं जण आले तर बरं होईल."

"चार क्या, चालीस आएँगे," दुबेजी खांद्यावरचे बांबू सावरत म्हणाले.

"सगळ्यांनी या. आणि असे गप्प काहून उभे? दसऱ्याचा दिवस हाय. घरी चिवडा केलाय."

जमावात एक शिरशिरी गेली. दुःखाने माणसाचं डोकं फिरतं, असं कोणीतरी मागे पुटपुटलं. एका वकिलाने पुंडलिकरावांच्या बिनभुवयांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. "भुवयाही काढल्या?" तो अदबीने म्हणाला. "आमच्याकडे नुसते केस काढतात."

तेव्हा कुठे पुंडलिकरावांचं लक्ष मडक्याकडे गेलं. पण तोवर जमाव चालायला लागला होता.

ओसरीवर दिवा लागला होता. वाट पाहून पाहून दादांचा डोळा लागला होता. पगडी, कोट, छातीवर हात, मिटलेले डोळे. जमाव पायऱ्यांशी थांबला. सजवून बसवलंय, असं प्रत्येकाला वाटलं. वकील पुढे झाला आणि गदगदून म्हणाला, "काय माणूस होता! कधी कुणाला एक शब्द लागेलसा बोलले नाहीत. फार मऊ."

दादांनी एक डोळा उघडला. मांडीवरची पाटी उचलली, तिच्यावर काहीतरी लिहिलं आणि जमावाकडे फिरवली.

पाटीवर होतं: 'कोण?'

दुबेजींच्या हातातलं मडकं फुटलं. ते नेमकं त्या वेळी फुटायचं नसतं, पण फुटलं. कोणी कुंपणावरून गेलं, कोणी कपिलेच्या गोठ्यात शिरलं आणि गाय पुन्हा दावं तोडून पाटणच्या दिशेला लागली. वकील तेवढा जागचा हलला नाही.  दादांनी त्याला जवळ ओढून पाठीत एक धपाटा घातला, आणि मग त्याची खात्री पटली. "तेच आहेत!" तो ओरडला.

मग दुबेजींनी शोकेसचं सगळं सांगितलं: फोटो, हार, कापूस, दिवा, आणि ती ओळ. सांगताना ते मधून मधून दादांच्या पायांना हात लावत होते, पाय गरम आहेत ना याची खात्री करून घेण्यासाठी. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. दुसरा इलाजच नव्हता. मग पाटीवर एक शब्द लिहिला: 'टांगा.'

टांग्यात पुढे दादा, शेजारी मान खाली घातलेले पुंडलिकराव. मागून पायी सगळा जमाव, आणि दुबेजींच्या खांद्यावर अजून ते बांबू, कारण ते ठेवायचे कुठे हे कोणी सांगितलंच नव्हतं. सवारी घमापुरातून निघाली ती दसऱ्याच्या गर्दीतून कमानिया गेटला पोचली. रस्त्यावरची माणसं आधी बांबू पाहून हात जोडत, मग टांग्यात पाहत आणि जोडलेले हात तसेच विसरत. पुंडलिकरावांना वाटत होतं की टांग्याचं चाक निसटावं, निदान आपल्या बाजूचं तरी. 'छान' राहिलं बाजूला. दादांचा दसरा आपण घालवला होता, तोही मोठ्या अक्षरात लिहून.

नर्मदा फोटो स्टुडिओपुढे पंधरावीस माणसं टोप्या हातात घेऊन उभी होती. दादांनी त्यांना बाजूला केलं आणि काचेला नाक लावून उभे राहिले. डावा फोटो त्यांनी क्षणभर पाहिला. त्यात त्यांना नवीन काही नव्हतं. उजव्यापुढे मात्र ते थांबले.  माणूस आरशात स्वतःला हजार वेळा पाहतो, पण झोपलेला कधी पाहत नाही. नथ्थूजी दाराआड लपले होते. पुंडलिकराव हात बांधून उभे होते, सहावीत छडीची वाट पाहत उभे राहिले होते तसे.

दादा वळले. पाटी टांग्यात राहिली होती. मग त्यांनी वैद्यांचं न ऐकता मुलाच्या कानाशी तोंड नेलं.

"माझी आई म्हणायची," दादा फुटक्या, बारीक आवाजात म्हणाले, "विठोबा जागा असला की गावाचा, झोपला की माझा. ती काय पाहून म्हणत होती, ते मला आज दिसलं."

पुंडलिकराव 'दादा' म्हणायला गेले, आणि बापलेकांचे घसे पहिल्यांदाच एकाच वेळी बसले.

दादांनी नथ्थूजींना खुणेने बाहेर बोलावलं, काच उघडायला लावली, हार काढून दुबेजींच्या गळ्यात घातला. दुबेजींनी एवढी धावपळ केली होती, कोणाला तरी तो मिळायला हवाच होता. मग हेडमास्तरांच्या कोटाच्या खिशात असते ती लाल पेन्सिल निघाली. लोक माना उंचावून पाहू लागले. आता हे पुठ्ठा फाडणार, असं पुंडलिकरावांना वाटलं. पण दादांनी 'शांत'च्या आधी जागा करून, हंसपद देऊन, वर एकच शब्द लिहिला. ओळ झाली, 'रात्री दादा तात्पुरते शांत झाले.' पुठ्ठा आणि फोटो त्यांनी होते तिथे परत ठेवले, आणि तिथेच, कमानिया गेटखाली, भर गर्दीत रस्त्यावर उभे राहून हात पुढे केला. खिशांतून सोनं बाहेर आलं. रात्री परत निघेपर्यंत कितीतरी पाठींत धपाटे बसले.

चौथ्या दिवशी पहाटे पुंडलिकराव मोरीजवळ आरसा टांगून, तोंडाला साबण फासून दाढी करायला उभे होते. बाहेर बळीरामची चरवी वाजली. आणि अचानक सगळ्या गल्लीचे झोपेतले पाय पांघरुणातून बाहेर आले, कारण ओसरीवरून दादांचा आवाज फुटला होता, विश्रांती मिळाल्याने पहिल्यापेक्षा दमदार.

"दूध कहते हैं इसको? फोटो देखा मेरा कमानिया गेट पर? उस में तू भी खड़ा है, गधे जैसा! ऐसा फोटो पूरे मध्यप्रांत में कोई निकाल के बताए! मेरे लड़के ने निकाला है, मेरे लड़के ने!"

पुंडलिकरावांनी वस्तरा खाली ठेवला. आता बाहेर गेलं तर दादा गप्प होतील, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते तोंडावरचा साबण वाळेपर्यंत तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले, आणि दादा बळीरामला ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले.